तबिथाबाईंना दिलेली माफी परत मागितली, त्याचं आख्यान

माफ केले म्हणे जीभ, मूठ काही उघडेना ।
दारी उभा राहे प्रभू, कडी आतली निघेना ॥

मंडळी, पेटी जरा हळू. आज एक साधा प्रश्न घेऊन उभा आहे. दिलेली माफी परत मागता येते का?

हसू नका. दिलेलं पातेलं आपण परत मागतो. दिलेली शिडी परत मागतो, ती मोडून आली तर शेजाऱ्याच्या सात पिढ्या काढतो. मग माफी का नाही? तीही आपल्याच घरातून गेलेली असते की! तर आंबेडोह गावात एका बाईनं ती मागितली. चारचौघांत, भर देवळात, पाद्रीसाहेबांना साक्षी ठेवून मागितली. ऐका.

आंबेडोहात संत बर्थलमयाचं चर्च आहे. बिशपसाहेबांच्या छत्राखालचं, जुनं, दगडी. दार एवढं अरुंद की नवरा-नवरी जोडीनं आत येऊ शकत नाहीत, एकामागं एक येतात. पहिलं भांडण तिथंच ठरतं, पुढं कोण. या चर्चात डाव्या बाजूला, खांबाशेजारी, दीनाबाई पारधे बसायच्या. आणि उजव्या बाजूला, दुसऱ्या खांबाशेजारी, त्यांची नणंद तबिथाबाई. दोघींच्या मध्ये दीनाबाईंचा नवरा आणि तबिथाबाईंचा धाकटा भाऊ, म्हणजे एकच माणूस. नाव काय? शलमोन! अहो, शास्त्रातल्या शलमोनापुढं दोन बाया आल्या तर त्यानं तलवार मागवून न्याय केला. आमच्या शलमोनापुढं दोन बाया आल्या की तो म्हैस पाण्यावर न्यायचा.

भांडण कशाचं? बाप्तिस्म्याचं.

आता आपल्यात कसं आहे, मंडळी, आपण प्रभूचे झालो, पण मराठी राहिलोच ना? बाळाचं नाव ठेवायचा मान आत्याचा. तो मान आपल्या लोकांनी सोडला नाही, फक्त पाळण्यापासून उचलून बाप्तिस्म्याच्या कुंडाशी नेला. आत्या हीच धर्ममाता. पाद्रीसाहेब विचारणार, ‘या बालकाचं नाव सांगा’, आणि आत्या सांगणार. ती जे सांगेल ते नाव. तर दीनाबाईंना मुलगी झाली. दीनाबाईंनी नाव ठरवलं एस्तेर. राणीचं नाव! नणंदेकडून आठवडाभर घोटून घेतलं. जेवताना विचारायच्या, पाणी भरताना विचारायच्या, आणि तबिथाबाई दर वेळी बरोबर सांगायच्या, एस्तेर.

पण बाप्तिस्म्याच्या सकाळीच तबिथाबाईंची म्हैस अडली. रेडकू आडवं आलं होतं. तबिथाबाई विधवा, त्या म्हशीवरच त्यांचं घर चालायचं. गुरांचा डॉक्टर यायचा होता, आणि इकडं चर्चची घंटा झाली. बाई कुंडाशी येऊन उभ्या राहिल्या त्या फक्त देहानं. पाद्रीसाहेबांनी, त्या वेळचे जुने पाद्रीसाहेब, बाळाला हातावर घेतलं आणि विचारलं, “या बालकाचं नाव सांगा.”

तबिथाबाई म्हणाल्या, “चंद्री.”

मंडळी, चंद्री कोण? म्हैस!

आता साऱ्या गावाला ठाऊक होतं चंद्री कोण ते. पण पाद्रीसाहेब नव्यानंच बदली होऊन आलेले, त्यांची म्हशीशी ओळख झाली नव्हती. त्यांनी ओंजळीनं पाणी घेतलं आणि म्हणाले, चंद्री, मी तुला पित्याच्या, पुत्राच्या आणि पवित्र आत्म्याच्या नावानं बाप्तिस्मा देतो. दीनाबाई ‘थांबा’ म्हणाल्या, पण तोवर तिन्ही ओंजळी झाल्या होत्या. आणि बाप्तिस्मा एकदाच. तो पुसता येत नाही, दुसऱ्यांदा देता येत नाही. पाण्यात भिजलेलं नाव काही वाळत नाही.

दीनाबाईंना वाटलं, नणंद निदान चुकले म्हणेल. तबिथाबाई चर्चमधून थेट गोठ्यात गेल्या, संध्याकाळी हात धुऊन आल्या आणि म्हणाल्या, “दोन्ही चंद्र्या सुखरूप आहेत, आणखी काय पाहिजे तुला?”

झालं! त्या दिवसापासून अबोला. आणि जुने पाद्रीसाहेब नियमाचे कडक. त्यांनी सांगितलं, समेट करा, नाहीतर प्रभुभोजनाच्या मेजाशी येऊ नका. दोघी म्हणाल्या, नाही येत. आणि खरंच, दोघीही वर्षानुवर्षं गेल्या नाहीत. बाकीची मंडळी उठून वेदीपुढच्या कठड्याशी गुडघे टेकायला जायची, तेव्हा दीनाबाई जागेवर. आणि बसलेल्या बाईचं काय होतं ठाऊक आहे? जाणारी प्रत्येक बाई आपलं लेकरू तिच्या मांडीवर ठेवून जाते, बसलीच आहेस तर बघ म्हणते. दीनाबाईंच्या मांडीवर गावातली अख्खी पिढी मुतून मोठी झाली. वर भाकर मोडली जायची, प्याला फिरायचा, आणि दीनाबाई एका हातानं कुणाचं तरी बोट स्वतःच्या नाकातून काढत तिकडं बघत राहायच्या. हे त्यांनी कधी कुणाला बोलून दाखवलं नाही, पण त्यांना भूक लागायची. घरी येऊन दोन भाकरी जास्त खाल्ल्या तरी ती जायची नाही.

मुलगी मोठी झाली, नगरला नर्स झाली. आई घरात एस्तेर म्हणायची, जग चंद्री सिस्टर म्हणायचं. तिचं लग्न ठरलं, आणि तिनं एकच अट घातली. लग्नात प्रभुभोजन होईल, आणि त्या कठड्याशी माझी आई आणि माझी आत्या दोघी माझ्याशेजारी गुडघे टेकतील. नाहीतर मी त्या कठड्याशी उभी राहत नाही, जावईबापूंना शोधा दुसरी चंद्री. आता दुसरी चंद्री गोठ्यात होती, म्हणजे पहिल्या म्हशीची नात, नाव चालत आलेलं. दीनाबाईंना हा विनोद आवडला नाही.

दोघींनी हट्ट सोडला नाही. आणि अशात तबिथाबाई आजारी पडल्या.

साधंसुधं नाही, न्यूमोनिया. डॉक्टर म्हणाले, घरी न्या, जवळच्यांना बोलवा. आता चर्चला नवे तरुण पाद्रीसाहेब आले होते, अनुग्रह सोनवणे. यांचं हे पहिलंच मरण, म्हणजे दुसऱ्याचं. तेलाची कुपी घेऊन धावतच आले. तबिथाबाईंच्या कपाळाला तेल लावलं आणि हळूच विचारलं, मनावर काही ओझं आहे का? तबिथाबाईंनी डोळे उघडून दाराकडं बघितलं. दारात दीनाबाई उभ्या होत्या, उंबऱ्याच्या बाहेर, कारण आत यायचं नाही असं ठरलेलं.

“दीना,” त्या म्हणाल्या, “नाव मी चुकीचं सांगितलं. मला तेव्हाच कळलं होतं. म्हणायला तोंड झालं नाही.”

मंडळी, दीनाबाईंनी उंबरा कधी ओलांडला, त्यांचं त्यांनाच कळलं नाही. त्या खाटेशी बसल्या, नणंदेचा हात धरला आणि रडत रडत म्हणाल्या, “माफ केलं, वन्सं. सगळं माफ केलं. आता निवांत जा.”

पाद्रीसाहेबांनी तिथंच भाकर मोडली आणि दोघींना दिली. एवढ्या वर्षांनी! शलमोन भिंतीकडं तोंड करून रडला. सुतार दाराआडून अंदाजानं माप घेऊन गेला. दफनभूमीत खड्डासुद्धा खणून झाला, कारण खणणाऱ्याला दुसऱ्या दिवशी मेहुणीच्या साखरपुड्याला जायचं होतं.

आणि सकाळी तबिथाबाई उठून बसल्या आणि म्हणाल्या, सुकट आहे का?

आता यात त्यांचा काय दोष? बायबलात, प्रेषितांच्या कृत्यांत, तबिथा नावाची बाई चांगली मेलेली उठून बसली होती, ही तर नुसती मरणार होती! पाद्रीसाहेबांना आनंदानं काय करावं कळेना. त्यांच्या तेलानं माणूस बरं झालं! डॉक्टर म्हणाले गोळ्यांनी. तबिथाबाई म्हणाल्या सुकटीनं. चार दिवसांत त्या काठी टेकत दफनभूमीत जाऊन स्वतःचा खड्डा बघून आल्या, आणि अरुंद आहे म्हणून खणणाऱ्याला बोलल्या.

सारं गाव खूश. एक दीनाबाई सोडून.

त्या अंगणातून बघायच्या, नणंद ओट्यावर बसून सुकट-भाकर खातेय, बोटं चाटतेय, वर शलमोनला म्हणतेय मीठ कमी आहे. आणि दीनाबाई मनाशी म्हणायच्या, ही ती बाई नव्हे! ज्या बाईचा हात आपण धरला ती बारीक आवाजाची होती, निघालेली होती, गरीब होती. तिला दिली आपण माफी. आणि खातेय कोण? ही!

रविवारी उपासना संपली तशा दीनाबाई उठल्या आणि पाद्रीसाहेबांसमोर जाऊन उभ्या राहिल्या.

“माझी माफी मला परत पाहिजे.”

पाद्रीसाहेबांना वाटलं, काही तरी भांडं असेल. मग कळलं. दीनाबाईंचं म्हणणं सरळ होतं. मी मरणाऱ्या बाईला माफ केलं, ती मेली नाही, म्हणजे माफी जिच्यासाठी दिली तिला पोचलीच नाही, मधल्या मधे दुसरीच बाई वापरतेय. पाद्रीसाहेब म्हणाले, बाई, असं परत घेता येत नाही. दीनाबाई म्हणाल्या, कुठं लिहिलंय दाखवा. बिचाऱ्यांनी प्रार्थनेचं पुस्तक सगळं चाळलं. पावसासाठी प्रार्थना आहे. राज्यकर्त्यांसाठी आहे. समुद्रावर प्रवास करणाऱ्यांसाठीही आहे, आंबेडोहात, जिथं म्हैस बसेल एवढं पाणी उन्हाळ्यात नसतं! पण माफी परत करण्याचा विधी नाही.

मग चर्चची कमिटी बसली. आणि कमिटी बसली म्हणजे, मंडळी, काय होतं ते तुम्ही जाणताच. एक जण म्हणाला, अर्धी परत करावी. दुसरा म्हणाला, तबिथाबाईंनी मरणाची एक तारीख द्यावी, तोवर माफी पुढं चालू ठेवावी. तिसरे वडीलधारे, विचारी माणूस, ते म्हणाले, तूर्त माफी बिशपसाहेबांकडे जमा ठेवू. शलमोनला विचारलं, तर तो म्हशीला पाणी पाजून येतो म्हणाला.

इकडं लग्न जवळ आलेलं. मुलीनं नगरहून निरोप धाडला, काय झालं? आई आणि आत्या? शलमोननं कळवलं, झालं होतं, पण आत्या वाचली. मुलीनं तो निरोप तीनदा ऐकला म्हणतात.

शेवटी तोडगा कुणी काढला? तबिथाबाईंनी! म्हणाल्या, “तिला मरणारी पाहिजे ना? मग येते मी मरत. पोरीचं लग्न अडायला नको.”

आणि पुढच्या रविवारी, मंडळी, चौघांनी तबिथाबाईंची खाट उचलली आणि चर्चला आणली. खाटेवर तबिथाबाई, अंगावर चादर, डोळे मिटलेले. वाटेतले लोक टोप्या काढत होते. पण मघाशी सांगितलं, दार अरुंद. खाट काही आत जाईना. मग मरणारी बाई खाली उतरली, खाट तिरकी करून आत घ्यायला हात लावला, इकडून धर, तिकडून सोड म्हणून चौघांवर ओरडली, आत आली, आणि परत झोपून मरायला लागली.

शांतीची वेळ झाली. पाद्रीसाहेब म्हणाले, प्रभूची शांती सदैव तुमच्याबरोबर असो, एकमेकांना शांती द्या. सगळे थांबले. दीनाबाई उठल्या, खाटेशी गेल्या, वाकून बघितलं.

“कसं वाटतंय, वन्सं?”

“जातेच आता.”

दीनाबाईंनी कपाळाला हात लावून बघितला, समाधान झालं, आणि म्हणाल्या, प्रभूची शांती असो. तबिथाबाई म्हणाल्या, तुलाही असो. मग उठल्या, पदर नीट केला, आणि चालत कठड्याशी गेल्या. दोघींनी भाकर घेतली. खाट घरी गेली. पुढच्या रविवारी पुन्हा. एकदा तर तबिथाबाईंचा चेहरा फारच टवटवीत होता, तेव्हा दीनाबाई हात बांधून उभ्या राहिल्या, आणि बाई दोनदा खोकल्या तेव्हाच शांती मिळाली.

आता हे बघून बाकीचे काय म्हणाले? हा काय वेडेपणा, असं म्हणाले? छे! म्हणाले, खाट मोकळी असते का?

कारण गावात न बोलणारी माणसं काय दोनच होती? शिंपी आणि त्याचा साडू होते. बांधावरून बिघडलेले दोघे चुलतभाऊ होते. जो तो म्हणायला लागला, तू झोप, मग मी माफ करतो. शांतीच्या वेळी खाटेपुढं रांग लागायला लागली. एक मरतोय, दुसरा चप्पल काढून थांबलाय. पाद्रीसाहेबांनी याविरुद्ध खरमरीत उपदेश केला. पण चर्चचा पेटीवाला त्यांच्यावर रुसला होता, गीत नेहमी मुद्दाम वरच्या पट्टीत वाजवायचा, मंडळीच्या घशाच्या शिरा ताणल्या जायच्या. तो म्हणाला, पाद्रीसाहेब, मी तर केव्हाच माफ केलं असतं, पण तुम्ही दिसता धडधाकट. आणि एका रविवारी, पांढऱ्या झग्यासकट, गळ्यातल्या पट्ट्यासकट, पाद्री अनुग्रह सोनवणे खाटेवर आडवे झाले. पेटीवाल्यानं शांती दिली. पुढचं गीत खालच्या पट्टीत झालं. आता काय बोलणार!

असं करत लग्नाचा दिवस उजाडला. चर्च भरलं. वऱ्हाड संगमनेरचं, त्यांना खाटेचं काही ठाऊक नाही. मुलगी पांढऱ्या साडीत, शेजारी नवरदेव. दीनाबाई डाव्या खांबाशी. सगळं छान, आणि खाट नाही! का? तर आचाऱ्यानं सकाळी अंगणात मोकळी खाट बघितली आणि तिच्यावर धोतर पसरून सगळी बुंदी निथळायला टाकली. पाचशे माणसांची बुंदी! चौघं उचलायला गेले, तर आचारी झारा घेऊन आडवा. म्हणाला, मरायचंय त्यानं खाली मरावं.

तबिथाबाई आपल्या पायांनी चालत आल्या.

पाद्रीसाहेबांनी उपासना जमेल तेवढी हळू चालवली. वचनं झाली, शपथा झाल्या, अंगठ्या झाल्या. शेवटी शांतीची वेळ आलीच. म्हणाले, एकमेकांना शांती द्या. आणि अख्ख्या चर्चात कुणी हात पुढं करेना. सगळे एकाच जागेकडं बघताहेत, मधल्या वाटेत, जिथं खाट असायची. मुलगी मागं वळली.

तबिथाबाईंनी इकडं बघितलं, तिकडं बघितलं. मग बाकाच्या पाठीला धरून त्या हळूहळू खाली व्हायला लागल्या. फरशीवर! एक गुडघा टेकला. दुसरा टेकेना. आजारानं बांगड्या ढिल्या झालेल्या, त्या कोपरापर्यंत घसरल्या. मान खाली गेली तशी मानेवरची दोन हाडं वर आली.

दीनाबाई बघत होत्या. आणि मंडळी, त्यांना त्या क्षणी एक गोष्ट कळली, ती काही फार मोठी नव्हती. इतके रविवार आपण खाटेशी वाकलो, पण आडव्या बाईचे डोळे मिटलेले असतात. आपल्याला तिच्याकडं बघावं लागलं नाही. मरणाऱ्याला माफ करणं सोपं, तो पुन्हा काही बोलणार नसतो. ही उठली की बोलणार. आज बोलणार, उद्या बोलणार, बुंदी गोड झाली नाही म्हणणार. हिला माफ करायचं म्हणजे त्या सगळ्याला आगाऊ माफ करायचं. आणि ते आपल्याच्यानं होईल का, हे दीनाबाईंना खरंच ठाऊक नव्हतं.

पण पाय निघाले होते. त्या मधल्या वाटेत आल्या आणि नणंदेच्या दंडाला धरलं.

“उठा, वन्सं. फरशी गार आहे.”

तबिथाबाई खालूनच म्हणाल्या, “मग कसं करायचं? मेल्याशिवाय तू देत नाहीस.”

“उभ्यानं घ्या.”

तबिथाबाईंना उठायला वेळ लागला. दीनाबाई धरून राहिल्या. मग दोघी समोरासमोर उभ्या, डोळ्याला डोळा. दीनाबाई म्हणाल्या, प्रभूची शांती असो. आवाज मोठा नव्हता, पण पहिल्या बाकापर्यंत ऐकू गेलं. तबिथाबाईंनी तुलाही असो म्हटलं, डोळे पुसले, आणि हात न सोडता कठड्याकडं निघाल्या. दोन पावलं झाली, आणि त्या हळूच म्हणाल्या,

“पण दीना, चंद्री नाव काही इतकं वाईट नाही हं.”

बघा! दोनच पावलं झाली होती! पाद्रीसाहेबांनी वरून बघितलं, दीनाबाईंची मान ताठ झाली, जबडा आवळला गेला. हातात प्याला धरून पाद्रीसाहेबांनी डोळेच मिटून घेतले. शलमोननं दाराकडं बघितलं, म्हैस कुठं दिसते का.

दीनाबाईंनी हात सोडला नाही.

“ते घरी गेल्यावर बघू,” त्या म्हणाल्या. “चला. चंद्री थांबलीय.”

आणि तिघी गुडघे टेकून बसल्या. बाकावर बसून लेकरं सांभाळायला त्या दिवशी कुणीच उरलं नाही, म्हणून ती सगळी चर्चभर मोकळी पळत होती.

तर मंडळी, माफी परत मागता येते का? दीनाबाईंनी मागून बघितली. त्यांना मिळाली नाही, कारण ती त्यांच्याकडं परत जाण्यासारखी वस्तूच नव्हती. ती त्यांची नव्हतीच! जो मरायचा होता तो एक जण आपल्यासाठी मरून गेला, आणि तिसऱ्या दिवशी उठून, उभ्यानं, दार बंद असलेल्या खोलीत येऊन पहिला शब्द बोलला, तुम्हांस शांती असो. त्यानंतर कुणी कुणाला मरून दाखवायची गरज राहिली नाही.

पण आपण वाट बघतो. आता टाळ खाली ठेवतो आणि तुम्हालाच विचारतो, खरं सांगा. इथं या मांडवात, उजवीकडं बसलेल्या कुणासाठी डावीकडं कुणीतरी एक माफी घडी घालून ठेवली आहे ना? कफनाबरोबर काढू म्हणून? त्याच्या मयतीला सर्वांत पुढं आपणच रडणार, सगळ्यांना सांगणार, माणूस सोन्यासारखा होता. अहो, तो सोन्यासारखा माणूस आत्ता तिकडं शेंगदाणे खात बसलाय! त्याला ठसका लागायची वाट बघताय काय?

नाव मी घेत नाही. ज्याचं त्याला ठाऊक आहे. पेटीवाले, तुम्हीही माझ्याकडं बघू नका, मागच्या महिन्यातलं ते मी विसरलोय, किंवा विसरतोय, चालू आहे ते काम. दिवे मोठे करा. चहा व्हायला अजून थोडा वेळ आहे असा निरोप आलाय. तेवढ्यात उठा, आणि तो माणूस उभा आहे तोवर त्याच्यापर्यंत जा.